एक ढग, दिवसातून १४४ वेळा!

मेल आला तेव्हा मी कर्वे रोडवरच्या एका कॅफेत बसून लेख लिहीत असल्याचं नाटक करत होते. २६ जुलै २०२५, शनिवार. बाहेर धो धो पाऊस, समोर गार झालेली कॉफी. मेल कुणा अनोळखी माणसाचा, विषय ‘तुमच्या मशीनबद्दल एक प्रश्न’. म्हटलं, झालं, आपल्याला पुन्हा एकदा लॉटरी लागलेली दिसतेय. डिलीट करणारच होते, पण पहिल्याच ओळीत माझ्या वेबसाइटचं नाव दिसलं आणि बोट थांबलं.

मेलमधलं इंग्रजी साधं, मास्तरकीचं होतं. मराठीत सांगायचं तर मजकूर साधारण असा: ‘तुमच्या मशीनवरून माझ्या सर्व्हरवरची हवामानाच्या चित्रांची रिपॉझिटरी दर दहा मिनिटांनी अख्खी क्लोन केली जाते. दिवसाला १४४ वेळा. गेले ५० दिवस. यामागे काही कारण असेल, तर कृपया कळवाल का? हे एआयसाठी चाललं आहे का? तसं नसेल तर कदाचित मी तुम्हाला मदत करू शकेन.’ आणि खाली एक ओळ: ‘ब्लॉक करता आलं असतं, पण आधी विचारावं असं वाटलं.’

खरं सांगते, शिव्या घातल्या असत्या ना, तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. हे ‘मदत करू शकेन’ वगैरे मात्र थेट पोटात गेलं.

आता तुम्ही विचाराल, की लेख पाडून पोट भरणारी मुलगी कुणा परदेशी माणसाच्या सर्व्हरवर दिवसातून १४४ वेळा करत काय होती? तर झालं असं, की जून महिना म्हणजे फ्रीलान्सरची उपासमार. पेमेंट्स अडकलेली, एडिटर सुट्टीवर. आणि ग्रुपवरचे सगळे आयटीवाले दर शनिवारी सकाळी एकच प्रश्न विचारणार, ‘आज लोणावळ्याला जायचं का?’ म्हटलं, याचं एक वेबपेजच करून टाकू. लोणावळा, ताम्हिणी, मुळशी, सिंहगड, पानशेत. प्रत्येकापुढे आत्ता पाऊस किती, आणि शेजारी ‘जा’, ‘छत्री घेऊन जा’ किंवा ‘घरी भजी करा’. बास.

हवामानाचे आकडे फुकट मिळत होते. चित्रं हवी होती. आणि चित्रं शोधताना मला हे ढग सापडले! हाताने काढल्यासारखे, थोडे तिरके, एकाचं पोट सुटलेलं. बघताक्षणी प्रेमात पडले. काढणारा माणूस युरोपातल्या एका छोट्या गावातला निवृत्त शिक्षक. चित्रं त्याने स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेली, कुणीही वापरा, फक्त नाव द्या. मी नाव दिलं. मोठ्या फॉन्टमध्ये दिलं. माझ्या मते माझा आणि त्यांचा हिशोब तिथेच मिटला होता.

स्क्रिप्ट लिहून दिली माझ्या मावसभावाने. आम्ही त्याला दादा म्हणतो. हिंजवडीत नोकरी, हुद्दा असा की मावशीला अजून शेजाऱ्यांना सांगता येत नाही. एका संध्याकाळी, एका मस्तानीच्या मोबदल्यात त्याने काम उरकलं. दर दहा मिनिटांनी मशीन जागं होणार, पावसाचे आकडे आणणार, चित्रं आणणार, पान नव्याने बांधणार आणि झोपणार. आणि ते चाललंही मस्त! दोन आठवड्यांत लोक मलाच माझी लिंक फॉरवर्ड करायला लागले. एका मैत्रिणीच्या बॉसने म्हणे मीटिंगमध्ये ती उघडली होती. मी हवेत.

गोम ‘चित्रं आणणार’ या दोन शब्दांत होती.

रिपॉझिटरी म्हणजे नुसतं फोल्डर नव्हे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती ज्यावर चालते ते गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आणि त्याची खासियतच ही, की त्यात फक्त आजची प्रत नसते, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास असतो. कुणी काय कधी बदललं, का बदललं, सगळं. क्लोन करायचं म्हणजे हा अख्खा संसार उचलून आणायचा. या शिक्षकांनी वर्षानुवर्षं काढलेला प्रत्येक ढग, नापसंत झालेला, पुन्हा काढलेला, रंग बदललेला, सगळे त्यात. मिळून ३०० एमबी. आणि मला हवी होती १२ चित्रं. सगळी मिळून माझ्या एका सेल्फीएवढीसुद्धा नाहीत.

कॅफेच्या बिलाच्या मागे हिशोब केला. ३०० गुणिले १४४, म्हणजे रोजचे ४३ जीबी. गुणिले ५० दिवस, म्हणजे दोन टेराबाइटच्या वर. ७,२०० वेळा मी तेच ढग घरी आणले होते. आणि त्या ५० दिवसांत त्या ढगांमध्ये बदल किती झाले होते? शून्य! पाऊस दर दहा मिनिटांनी बदलतो हो. पावसाचं चित्र नाही बदलत.

दादाला फोन लावला. तो आधी हसला. मग एकदम गप्प झाला.

‘अगं, ती स्क्रिप्ट मी ऑफिसमधलीच उचलली. आमच्याकडे असंच असतं. दर वेळी कोरं मशीन, सगळं नव्याने आणायचं, काम झालं की मशीन पुसून टाकायचं. कालची घाण आज नको म्हणून.’

‘म्हणजे त्याला काही आठवतच नाही?’

‘काही नाही. आठवू नये म्हणूनच तर करतात.’

मला आजीची म्हण आठवली. रात्रभर रामायण ऐकलं आणि सकाळी विचारलं, रामाची सीता कोण? माझं मशीन दर दहा मिनिटांनी अख्खं रामायण ऐकत होतं आणि पुन्हा ‘सीता कोण?’ विचारायला त्याच म्हाताऱ्या माणसाच्या दारात उभं राहत होतं. आणि तो बिचारा दर वेळी पहिल्या कांडापासून सुरू करत होता.

बरं, यात नुसता डेटा जातो असंही नाही. कुणी क्लोन मागितलं, की सर्व्हरला आधी ठरवावं लागतं काय काय द्यायचंय, मग ते गोळा करायचं, गठ्ठा बांधायचा, पाठवायचा. त्याचंही डोकं तापतं. छोटं मशीन असेल तर तेवढ्या वेळात बाकीचे लोक बाहेर ताटकळतात.

‘तू काय केलंस सांगू?’ दादा म्हणाला. ‘कॉर्पोरेशनच्या नळाला डायरेक्ट मोटर लावलीस.’

‘मी? तू लावून दिलीस रे!’

‘बरं, आपण लावली.’

पुण्यात वाढलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. सोसायटीची टाकी असते कशाला? पाणी मेन लाइनवरून एकदा टाकीत घ्यायचं, मग ज्याने त्याने आपापल्या नळातून. सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात या टाकीला मिरर म्हणतात. आपल्या मशीनवर एक पूर्ण प्रत ठेवायची, बाकीच्या कामांना त्यातूनच वाढायचं, आणि मूळ सर्व्हरला फक्त विचारायचं, ‘मी मागच्या वेळी इथपर्यंत नेलं होतं, पुढे काही नवीन?’ या विचारण्याला फेच म्हणतात. नवीन नसेल तर उत्तर दोन शब्दांत येतं, विषय संपला. दादाच्या ऑफिसमध्येही म्हणे आधी टाकी नव्हती. सोमवारी सकाळी सगळ्यांचे बिल्ड एकदम सुटायचे आणि आतला सर्व्हर मान टाकायचा. मग टाकी बसवली. ‘पण तो सर्व्हर आमचाच होता ना,’ तो म्हणाला, ‘म्हणून बसवली.’

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. दुसऱ्याचा असता, तर?

रात्री झोप येईना, म्हणून सवयीप्रमाणे वाचत बसले. (आमचा धंदाच तो. अपराधी वाटलं की रिसर्च करायचा.) आणि जरा बरं वाटलं, कारण हा उद्योग करणारी मी एकटी नव्हते. चक्क गूगलही होतं.

सोर्सहट नावाची एक छोटी कंपनी आहे, प्रोग्रामर लोकांच्या रिपॉझिटरीज सांभाळणारी. तिच्या ड्रू डेव्हॉल्टने मे २०२२ मध्ये जाहीर तक्रार केली, की गूगलची एक यंत्रणा वर्षभराहून जास्त काळ आमच्या सर्व्हरला झोडपतेय. तासाला २,५०० हून जास्त विनंत्या, आणि एकच रिपॉझिटरी तासात १०० हून जास्त वेळा क्लोन! गंमत म्हणजे ही यंत्रणा टाकीच होती. गो या गूगलच्या प्रोग्रामिंग भाषेतलं कोड सगळ्यांना एका ठिकाणाहून पटकन मिळावं, म्हणून बांधलेला मिरर. पण तो अनेक मशीन्सवर पसरलेला, आणि प्रत्येक मशीन शेजारच्याला न विचारता स्वतंत्रपणे मूळ सर्व्हरकडे धाव घेणार. म्हणजे टाकी बांधली, आणि वर प्रत्येक मजल्याने मेन लाइनवर आपापली मोटर लावली!

डेव्हॉल्टच्या हिशोबाने त्यांच्या गिट सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या डेटापैकी सुमारे ७० टक्के एकट्या या मिररसाठी जात होता. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये त्याने सांगून टाकलं, की २४ फेब्रुवारीपासून आम्ही गूगलचा मिरर ब्लॉक करणार. मग हालचाल झाली. गोच्या टीमने त्याच्याशी बोलून, जे बदललेलंच नाही ते पुन्हा पूर्ण आणायचं नाही, अशी सोय करायचं ठरवलं, आणि ब्लॉक करायची वेळ आली नाही. पण मध्ये किती महिने गेले बघा. गूगलमधलं कुणी दुष्ट होतं असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या बाजूला काही दुखत नव्हतं, एवढंच. माझ्याही बाजूला कुठे दुखत होतं? माझ्या क्लाउडवाल्याकडे आत येणारा डेटा फुकट. बाहेर पाठवणाऱ्याचं मीटर पळत होतं, आणि ते मीटर मला दिसत नव्हतं.

एआयची त्यांची शंकाही रास्त होती म्हणायची. त्याच वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, अनुबिस नावाचं एक सॉफ्टवेअर आलं, वेबसाइटच्या दारात उभं राहून ‘माणूस की बॉट?’ तपासणारं. का आलं? तर अ‍ॅमेझॉनच्या बॉटने ते लिहिणाऱ्याच्या खासगी गिट सर्व्हरला जेरीस आणलं होतं. छोटे सर्व्हर चालवणारे सगळेच तेव्हा वैतागलेले होते. अशात माझी रोजची १४४ वारी.

रविवारी सकाळी दादा घरी आला. लॅपटॉप, पोहे, आई मागून ‘अजून घे’ म्हणतेय. त्याचा पहिला फंडा सोपा होता. ‘इतिहास नको म्हणायचं. फक्त शेवटची प्रत माग. शॅलो क्लोन म्हणतात. तीनशेचे दोन-तीन एमबी होतील, खल्लास.’

मला पटलं होतं. पण रात्रीच्या वाचनात एक किस्सा सापडला होता, तो मी त्याच्यापुढे सरकवला. (दादाला काहीतरी माहीत नाही आणि मला माहीत आहे, हा क्षण आयुष्यात पहिल्यांदा आला होता. मी तो पुरेपूर एन्जॉय केला.) आयफोनची अ‍ॅप्स बनवणारे कोकोपॉड्स नावाचं टूल वापरायचे. त्याची सुट्या भागांची यादी गिटहबवर एका रिपॉझिटरीत होती, आणि जगभरची मशीन्स ती आणायची. डेटा वाचावा म्हणून शॅलो क्लोन व्हायचा. २०१६ मध्ये लोकांची तक्रार आली, की फार हळू चालतंय. तेव्हा गिटहबच्या लोकांनी समजावून सांगितलं, की बाबांनो, तुमची ही एक रिपॉझिटरी आमचे सरासरी पाच सीपीयू सतत खाते! एका कारणाचं नाव शॅलो क्लोन. आधी अर्धवट प्रत न्यायची आणि मग तिच्यात पुढचं भरत राहायचं, की काय आहे नि काय नाही हे शोधताना सर्व्हरचाच घाम निघतो. शिवाय एकाच फोल्डरमध्ये १६ हजारांहून जास्त नोंदी कोंबलेल्या. कोकोपॉड्सने पुढे, २०१९ मध्ये, गिट क्लोनची सक्तीच काढली. हवी तेवढीच फाइल साध्या पद्धतीने, सीडीएनवरून उचला.

दादाने पोह्यांची डिश बाजूला ठेवली. ‘एकदाच आणून फेकून द्यायचं असेल तर शॅलो ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘पण ठेवायचं असेल तर पूर्णच ठेवावं. बरोबर आहे तुझं.’ हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

खुद्द लिनक्सवाल्यांचं त्याहून आवडलं मला. लिनक्सचा कोड म्हणजे अवाढव्य प्रकरण, आणि कंपन्यांची मशीन्स टेस्टिंगसाठी तो सारखा क्लोन करणार. म्हणून त्यांनी बांधून तयार गठ्ठाच ठेवलाय, त्याला बंडल म्हणतात. सर्व्हरने दर गिऱ्हाइकासाठी नवा गठ्ठा बांधायचा नाही. तयार फाइल जवळच्या सीडीएनवरून घ्या, आणि ती बांधल्यानंतरचे चार नवीन बदल तेवढे आमच्याकडून न्या. दिवाळीत फराळाच्या दुकानात एक-एक किलोचे पुडे आधीच बांधून ठेवतात ना, तसं. घेणाऱ्याचंही काम लवकर होतं.

माझ्या ढगांना एवढं काही नको होतं. दादाने स्क्रिप्टचे दोन तुकडे केले. पहिला पावसाचा, दर दहा मिनिटांनी. दुसरा चित्रांचा. चित्रांची पूर्ण प्रत माझ्याच मशीनवर, आणि ‘नवीन काही?’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे. त्याच्या मते तेवढंही नको होतं, बारा फाइल कॉपी कर आणि विसरून जा. मीच अडून बसले. ते शिक्षक अजून ढग काढतात. बदलला एखादा, तर मला हवा होता.

बदल करायला वीस मिनिटं लागली. वीस! दोन टेराबाइटचा उपाय पोह्यांची दुसरी डिश यायच्या आत झाला.

माफीचा मेल लिहायला मात्र मला दोन तास लागले. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी दादावर ढकललं होतं. दुसऱ्यात गूगलचं उदाहरण दिलं होतं, बघा, मोठे लोकही करतात. दोन्ही खोडले. मला माझाच एक एडिटर आठवत होता. फार वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. एका शब्दात काना राहिला असेल तरी, ‘अख्खा लेख पुन्हा पाठव ना प्लीज’. फोटोंसकट. रात्री अकराला, मोबाइल डेटावर. जुनी प्रत त्याच्या मेलमध्ये असायचीच. शोधायचा कंटाळा. त्याला पाच सेकंद लागायचे मागायला, माझा अर्धा तास जायचा, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. पेमेंटचं विचारलं की तो ‘तुझं नाव होतंय ना’ म्हणायचा. मी त्याच्यावर मैत्रिणींसमोर जाम तोंडसुख घेतलंय. आणि इथे मी एका माणसाचं नाव मोठ्या फॉन्टमध्ये छापून स्वतःवर खूश होते.

शेवटी चार ओळी लिहिल्या. चूक माझी आहे, कारण असं असं, एआय नाही, लोणावळ्याचा पाऊस आहे. दुरुस्त केलं आहे, आता आठवड्यातून एकदा. तुम्हाला काय भुर्दंड पडला ते कृपया सांगा, मी भरते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी रीतसर सांगितलं. महिन्याला १ टेराबाइटपर्यंत डेटा भाड्यातच येतो. जूनमध्ये मर्यादा थोडी ओलांडली, जुलैमध्ये २० तारखेलाच संपली. जादा बिल १८ युरो. पैशांपेक्षा मनस्ताप जास्त झाला होता. सर्व्हर सारखा अडकत होता, आणि ऑगस्टपासून क्लोनिंग सगळ्यांसाठीच बंद करावं की काय, असा विचार त्यांनी चालवला होता. दोन शाळांची मुलं ती चित्रं वापरतात, म्हणून निर्णय लांबत होता.

म्हणजे मी कॅफेत तो मेल लॉटरी समजून डिलीट केला असता, तर आधी मी ब्लॉक झाले असते. आणि माझ्यासारखी आणखी एखादी निघाली असती, तर त्या पोरांचेही ढग गेले असते.

मी १८ युरो पाठवले. आणि त्यांनी ते घेतले! ‘अहो राहू द्या, कशाला’ नाही, काही नाही. ‘मिळाले, आभारी आहे,’ एवढंच. फ्रीलान्सर म्हणून सांगते, माणूस मला तिथे खरा आवडला.

खाली आणखी एक प्रश्न होता. माझं पान त्यांनी उघडून पाहिलं होतं. लोणावळ्यापुढचा पावसाचा आकडा चुकून एक शून्य जास्त पडल्यासारखा वाटतोय, तपासाल का? मी कळवलं, चुकलेला नाही, आमच्याकडे असाच पडतो. तुमच्या चित्रांमध्ये सगळ्यात मोठा पाऊस म्हणजे ढगाखाली तीन थेंब आहेत. आम्हाला ते जरा कमी पडतात.

ऑगस्टमधल्या एका रविवारी उठले, चहा टाकला, सवयीने पान उघडलं. ताम्हिणीपुढचा ढग वेगळा दिसत होता. तोच तिरका, पोट सुटलेला, पण खाली थेंब नव्हतेच. सरळ रेघा होत्या, पार चौकटीच्या बाहेर गेलेल्या. इतिहासात जाऊन पाहिलं. बदल मंगळवारचा होता. शेजारी त्यांनी नोंद केली होती, ‘लोणावळ्यासाठी’.